दुसरी चावी

थंडोबाला थंडोबा हे नाव कुणी ठेवलं ते धक्क्यावर आता कुणालाच सांगता येणार नाही, पण ते चपखल बसलं होतं. एक तर त्याचा धंदाच बोटींची तापलेली इंजिनं थंड करण्याचा. दुसरं म्हणजे स्वभाव. एखादा बोटमालक तणतणत यायचा, सुट्टीचा दिवस वाया गेला म्हणून हातवारे करायचा, आणि हा आपला पान्यावरचं ग्रीस पुसत उभा. सगळं ऐकून घेतलं की म्हणायचा, "झालं? आता झाकण उघडू." समोरच्याचा अर्धा राग तिथेच उतरायचा, उरलेला अर्धा इंजिन सुरू झाल्यावर. अशा माणसाला लोक भोळा समजतात. थंडोबा भोळा मुळीच नव्हता. सुटे भाग विकणाऱ्यानं जुना माल नवा म्हणून पुढे केला तर हा तो नुसता हातात तोलून परत द्यायचा. भोळा होता तो फक्त एका माणसाच्या बाबतीत, आणि ते एक माणूस त्याला पुरून उरलं.

धक्क्यावरची पत्र्याची शेड बोटमालकांच्या मंडळाची होती. तिच्यातला एक गाळा थंडोबाकडे होता. मागे लांबलचक फळीचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, पुढे एक बोट ओढून घेण्यापुरती जागा. करारबिरार काही नव्हता. मंडळाचा ज्याच्यावर विश्वास, त्याचा गाळा. विश्वास उडाला की सामान उचलायचं आणि चालू लागायचं. कोवळ्या वयात तो इथे बोटींचे तळ खरवडायला आला होता आणि आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. सामान उचलायची वेळ कधी आली नव्हती. दुसरीकडे कुठे जायचं म्हटलं असतं तर त्याला सुचलंही नसतं.

घरात माणसं तीन. तो, बायको आणि धाकटा भाऊ. मूलबाळ झालं नाही, पण त्याचं फार दुःख करायला सवड मिळाली नाही, कारण धाकटा होताच. आई गेली तेव्हा या धाकट्याला स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. थंडोबानं त्याला अंगाखांद्यावर वाढवला, आणि पुढे लग्न होऊन आलेल्या बायकोनं पहिल्या दिवसापासून दिराला लेकासारखं जेवू घातलं. पोरगं गोड होतं, बोलघेवडं होतं आणि नंबर एकचं अंगचोर होतं. शाळेची काच फोडली धाकट्यानं, हेडमास्तरांसमोर मान खाली घालून उभा राहिला थंडोबा. शेजाऱ्याची सायकल नाल्यात घातली धाकट्यानं, "माझ्याच हातून पडली," म्हणून सांगून आला थंडोबा. आपण भावाला वाचवतो आहोत असं त्याला वाटायचं. कशातून वाचवतो आहोत, हा विचार त्यानं केला नाही.

मोठेपणी धाकटा गाळ्यावर यायला लागला. कामाच्या नावानं आनंदच होता, पण गिऱ्हाईक सांभाळावं तर त्यानंच. थंडोबा दिवसात जेवढी वाक्यं बोलायचा तेवढी हा एका चहात बोलायचा. दोघांचं जमायचं. एक बोटीखाली, एक बोटीभोवती.

आता थोडं इंजिनाबद्दल सांगणं भाग आहे. या बोटींचं इंजिन बोटीच्या पोटात, मागच्या भिंतीला लागून असतं, आणि भिंतीपलीकडे पाण्यात धातूचा एक पाय उतरलेला असतो. बोट ढकलणारा पंखा त्या पायाच्या टोकाला. मोटारीच्या इंजिनाला पुढून वारा लागतो. बोटीच्या पोटात वारा कुठला? तिथे बाहेरचंच पाणी ओढून घ्यायचं, इंजिनाच्या अंगभर फिरवायचं आणि धुराबरोबर बाहेर टाकायचं. हे पाणी आत यायला कंपनीनं दिलेला रस्ता म्हणजे त्या पायावरच्या बारीक फटी. फटींतून वर, पायाच्या आतल्या बोळातून, मग मागच्या भिंतीतल्या एका वाकड्या तोटीतून, मग कुठे पंपाकडे. स्वच्छ पाण्यात हे चालून जातं. या खाडीत गाळ होता, शेवाळ होतं आणि मीठ तर होतंच. फटी शेवाळानं बुजायच्या. तोटीला आतून क्षार चढून ती करंगळी जाणार नाही इतकी अरुंद व्हायची. मग पंपातला रबरी पंखा कोरडा घासायचा, त्याच्या पाकळ्या तुटायच्या, आणि ते तुकडे पुढे जाऊन तिसरीकडेच अडकायचे. उन्हाळ्यात दर सुट्टीला दोन-चार बोटी तरी दुसऱ्या बोटीच्या शेपटाला बांधून, तोंड पाडून परत यायच्या.

वर्षानुवर्षं थंडोबा ती वाकडी तोटी खरवडत राहिला. मग एके दिवशी त्याचं डोकं फिरलं. त्याच्या मानानं फिरलं, म्हणजे तो काही बोलला नाही. हातातली खरवडणी खाली ठेवली आणि बोटीखाली आडवा पडून तळाकडे बघत राहिला. धाकटा म्हणाला, "झोपलास काय?"

"बोळातून कशाला आणायचं पाणी?" थंडोबा म्हणाला. "सरळ दारातून आणू."

दार म्हणजे तळाला पाडलेलं भोक. त्यात पितळेची तोटी, तिच्यावर दांडा फिरवून पाणी उघडबंद करायचा कॉक, कॉकच्या पुढे पारदर्शक झाकणाची मोठी गाळणी, म्हणजे कचरा अडला की डोळ्यांना दिसेल, आणि तिथून जाड रबरी नळी थेट पंपाला. पायातला जुना रस्ता बंद. ऐकायला सोपं वाटतं. पण बोट वेगानं जाते तेव्हा तळाखालून हवेचे बुडबुडे पळतात, आणि भोक चुकीच्या जागी पडलं तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. मंडळाच्या जुन्या ओढबोटीवर त्यानं पहिला प्रयोग केला आणि नेमकं तसंच झालं. मग बुडबुडे कुठून पळतात ते बघायला हा गृहस्थ चालत्या बोटीच्या काठावरून उलटा लोंबकळला. धाकटा सुकाणूवर, हसून हसून बेजार. परत आला तेव्हा थंडोबाचा चेहरा लाटांचे फटके खाऊन टोमॅटोसारखा झाला होता, पण जागा सापडली होती. इंजिनातून बाहेर पडणारं पाणी त्यानं बादली लावून पाहिलं. जुन्या रस्त्यानं बादली भरेपर्यंत माणूस गप्पा मारू शकायचा. नव्या रस्त्यानं बादली धरायला हात पुरेना.

तरी तळाला भोक म्हटल्यावर मालक मागेच सरकले. बोट घ्यायची ती पाण्यावर राहायला, आणि हा तिला खालून भोक पाडायला निघाला! पहिल्यांदा तयार झाल्या त्या हेडबाई. त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नवरा गेल्यावर त्याची बोट विकून टाकायची सोडून त्या ती चालवायला शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शाळेला मी दुसरं दार पाडलं तेव्हाही सगळे म्हणाले होते, भिंत पडेल. पाडा भोक, मिस्त्री."

भोक आलं की कॉक आला, आणि कॉक आला की शिस्त आली. बोट सोडून घरी जाताना तो बंद करायलाच हवा, कारण नळी निसटली तर बोट उभ्या उभ्या बुडेल. आणि इंजिन सुरू करण्याआधी तो उघडायलाच हवा, नाहीतर पाण्याचा थेंब मिळणार नाही आणि बघता बघता इंजिन जळून खाक होईल. विसरणं हा तर माणसाचा स्वभाव. म्हणून थंडोबानं नियम घालून दिला. कॉक बंद केला की बोटीची चावी त्याच्याच दांड्याला अडकवायची आणि वरून इंजिनाचं झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करायला चावी हवी, चावीसाठी झाकण उघडायला हवं, आणि झाकण उघडलं की कॉक समोर. विसरायला जागाच नाही. फक्त एक अट होती, बोटीला चावी एकच हवी. ज्याच्या खिशात दुसरी चावी असेल तो झाकण कशाला उघडेल?

तेव्हा दुसरी चावी बुडवल्याशिवाय थंडोबा बोट ताब्यात देत नसे. मालकानं स्वतःच्या हातानं ती धक्क्याच्या टोकावरून पाण्यात टाकायची. धाकट्यानं या प्रकाराचा सोहळाच करून टाकला होता. तो तळहातावर चावी घेऊन नवरदेवासारखा चालत यायचा, काहीतरी वात्रट बोलायचा, मालकाच्या हातात चावी ठेवायचा. मालक डोळे मिटून ती भिरकवायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. थंडोबाही वाजवायचा. धक्क्यावरच्या जवळजवळ सगळ्या बोटींचं काम झालं आणि इंजिनं कशी गार परत यायला लागली. बोट आली की हा त्या इंजिनावर तळवा ठेवायचा आणि काही न बोलता उचलायचा. त्याचा सगळा मानसन्मान त्या तळव्यात होता.

त्या आठवड्यात थंडोबा सुटे भाग आणायला परगावी गेला होता. शुक्रवारी सकाळी परतला तो घरी न जाता थेट धक्क्यावर आला, कारण हेडबाईंना शनिवारी नातवंडांना फिरवायचं होतं आणि इंजिन एकदा चालवून बघा म्हणून त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बोट तिच्या जागी बांधलेली होती. दोरीची गाठ मात्र हेडबाईंची नव्हती. हेडबाईंची गाठ म्हणजे शाळेच्या फळ्यावरचं अक्षर. ही कशीतरी गुंडाळलेली होती.

त्यानं झाकण उचललं आणि जळक्या रबराचा भपकारा नाकात शिरला. धूर नेणारी जाड रबरी नळी वितळून खाली ओघळली होती. इंजिनाच्या रंगाला फोड आले होते. पंप उघडून बघायचीही गरज नव्हती. आणि खाली तळाशी कॉक घट्ट बंद होता, आणि त्याच्या दांड्याला हेडबाईंची लाल बोंडाची चावी शांतपणे लटकत होती. चावी आणि दांडा यांच्यामध्ये कोळ्यानं एक बारीक धागाही विणला होता.

थंडोबा उकिडवा बसला तो बसूनच राहिला. चावी जागची हललेली नाही. इंजिन तर चाललंय. म्हणजे दुसरी चावी आहे. पण दुसरी चावी हेडबाईंनी त्याच्यादेखत पाण्यात टाकली होती. टाकली होती ती कुणी आणून दिली होती? तळहातावर ठेवून, नवरदेवासारखं चालत?

तेवढ्यात धक्क्याच्या फळ्या वाजल्या. हेडबाईंची चाल तो ओळखायचा. त्या बोटीपाशी येईपर्यंत जेवढा वेळ होता तेवढ्यात त्यानं आयुष्यभर केलं तेच केलं. चावी काढून मुठीत घेतली आणि कॉक उघडला. विचार असा काही केलाच नाही. काच फुटली की हेडमास्तरांसमोर उभं राहायचं, एवढंच त्याच्या हातांना माहीत होतं.

"काय हो हे!" हेडबाई वाकून बघत म्हणाल्या. "जळलं सगळं! तुम्ही चालवून बघितलीत का?"

"हो," थंडोबा म्हणाला. "चालवली. गरम झाली."

"कॉक उघडला होता ना?"

"हो."

हेडबाईंनी स्वतः वाकून कॉककडे पाहिलं. उघडा होता. त्या सरळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मिस्त्री, तुमच्या रस्त्यातच काहीतरी खोट आहे. उद्या माझी नातवंडं असती यात." आणि गेल्या.

धाकटा शेडच्या मागे सापडला. थंडोबानं मूठ उघडून चावी दाखवली, एवढंच. धाकट्यानं मटकन खाली बसून रडायलाच सुरुवात केली. मित्रांना घेऊन एक फेरी मारायला गेलो होतो, दादा. दरवेळी आठवणीनं कॉक उघडतो रे, याच वेळी घाई झाली. इंजिन तापल्याचा भोंगा वाजला असेल, पण गाणी लावली होती. धूर दिसला तेव्हा बंद केलं. वल्ह्यांनी आणली परत. झाकण उघडायची छातीच झाली नाही.

"दरवेळी म्हणजे?" थंडोबानं विचारलं.

धाकट्यानं बाहीनं नाक पुसलं.

"किती चाव्या आहेत तुझ्याकडे?"

"सगळ्यांच्या होत्या," धाकटा म्हणाला. "आता नाहीत. सकाळीच सगळ्या बुडवल्या. आईशप्पथ, दादा. तुझ्या नियमानं."

"आणि ते लोक पाण्यात टाकत होते त्या कुठल्या?"

"भंगारातल्या. जुन्या कुलपांच्या."

इंजिन जळाल्याचं थंडोबाला एवढं लागलं नाही, जेवढं हे लागलं. त्याला त्या टाळ्या आठवल्या. दर खेपेला आपण किती मनापासून वाजवल्या ते आठवलं, आणि शेजारी उभं राहून हा पोरगा मनात हसत होता. माणसानं खिसा कापला तर कळतं तरी. यानं त्याचा नियमच पोकळ करून त्याला परत दिला होता, आणि थंडोबा तो पोकळ नियम छातीशी धरून मिरवत होता. कानशिलात द्यावी असं त्याला वाटलं. हात वर गेला नाही. कधीच गेला नव्हता.

"मी बाईंना सांगून येतो," तो म्हणाला.

धाकट्यानं त्याचे पाय धरले. "नको दादा. माझ्या तोंडून कळू दे. रविवारी मंडळ बसेलच याच्यासाठी. सगळ्यांसमोर मी स्वतः सांगतो. तू सांगितलंस तर मी चोर ठरेन. मी सांगितलं तर निदान माणूस राहीन."

बोलायला तो कधी कमी पडला नव्हता. थंडोबानं ऐकलं. आज ना उद्या पोरगं शहाणं होईल, याची तो इतकी वर्षं वाट बघत होता, की तो दिवस रविवारी उगवणार आहे यावर त्याचा चटकन विश्वास बसला.

रविवारी सकाळी शेडमध्ये खुर्च्या मांडून मंडळ बसलं. हेडबाईंनी जे घडलं ते सरळ सांगितलं, तिखटमीठ न लावता. मिस्त्रींनी इंजिन चालवलं, कॉक उघडा होता, तो मी डोळ्यांनी पाहिला, तरी इंजिन जळलं. मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच बोटींना भोकं पाडून बसलोय की आपण." कुजबुज वाढली. थंडोबा भिंतीशी उभा होता. त्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा उठला.

"मला थोडं बोलायचंय," तो म्हणाला. थंडोबाच्या जिवात जीव आला.

"दादानं जे केलं ते तुमच्या भल्यासाठीच केलं," धाकटा म्हणाला. "त्याच्या हेतूबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण मी पहिल्यापासून त्याला सांगत होतो, कंपनीनं दिलेला रस्ता सोडू नकोस. त्यानं ऐकलं नाही. हल्ली तो दमतो. मी जरा आधीच ठाम राहायला हवं होतं, एवढीच माझी चूक."

आणि तो बसला. इतक्या सहज बसला, की जणू चहा झाला का विचारून बसला.

थंडोबा भिंतीपासून पुढे आला. मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "खोटं बोलतोय तो," तो म्हणाला. "याच्याकडे दुसरी चावी होती. सगळ्यांच्या बोटींच्या चाव्या होत्या याच्याकडे. कॉक बंद होता. चावी कॉकलाच होती. मी काढली."

हेडबाईंनी चष्मा काढला. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "दुसरी चावी मी स्वतःच्या हातानं पाण्यात टाकली. तुम्ही शेजारी उभे होतात. आणि परवा तुम्हीच मला सांगितलंत, मी चालवली, कॉक उघडा होता. आता जड गेलं तर धाकट्या भावावर ढकलता? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"असू द्या, बाई," धाकटा हळूच म्हणाला. "दादा सध्या त्रासात आहे. मनावर घेऊ नका."

हे ऐकून लोकांना धाकट्याचं कौतुकच वाटलं. बघा, भाऊ असावा तर असा. थंडोबाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दोरीची गाठ, कोळ्याचा धागा, इंजिनाच्या रंगाला आलेले फोड. पण प्रत्येक गोष्टीच्या आड त्याचंच शुक्रवारचं "हो" उभं होतं. ते त्याला हलवता येईना. सभेनं ठरवलं की सगळ्या बोटींची भोकं बुजवायची, पाणी पुन्हा जुन्या रस्त्यानं घ्यायचं आणि गाळा यापुढे धाकट्यानं सांभाळायचा. धाकट्यानं नम्रपणे मान डोलावली. दादालाही मी सांभाळून घेईन, असंही म्हणाला.

घरी बायकोनं ताट वाढलं. धाकटा जेवायला आला नाही. थंडोबानं घास न घेता सगळं सांगितलं, झाकणापासून सभेपर्यंत. तिनं मध्ये एकदाही "काय सांगता!" म्हटलं नाही, आणि हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "चाव्यांचं माहीत होतं. परवाचं नव्हतं, खरंच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. मलाही नेलं होतं त्यानं दोन-तीनदा. तुम्ही बाहेरगावी होतात तेव्हा. म्हणाला, वहिनी, दादाला सांगू नकोस, त्याचा नियम मोडेल."

"आणि तू गेलीस."

"गेले," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "का नाही जाणार? तुमचा जन्म त्या बोटींत गेला. माझ्या वाट्याला काय आलं? ग्रीसचे कपडे धुवायचे. एकदा तरी म्हणालात का, चल, तुला पाण्यावर नेतो? त्यानं नेलं. आरपार पलीकडच्या काठापर्यंत नेलं. मला फार आवडलं होतं ते."

ते खरं होतं. त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण तिचं खरं होतं म्हणून त्याचं दुखायचं काही थांबलं नाही. उलट आता दुखायला आणखी एक जागा झाली. घरात तीन माणसं होती, त्यातल्या दोघांना जे ठाऊक होतं त्याच्या बाहेर तो एकटा राहत होता, आणि या घराला तो आपलं घर म्हणत होता.

"मग चल," शेवटी तो म्हणाला. "आत्ता हेडबाईंकडे चल. एवढंच सांग, की चाव्या होत्या. तुझं ऐकतील त्या."

तिनं ताट त्याच्याकडे सरकवलं. "आणि त्याचं काय होईल हो? धक्क्यावरून हाकलून देतील त्याला."

"मला दिलंच की हाकलून."

"तुमच्या हातात कसब आहे," ती म्हणाली. "तुम्ही कुठेही गेलात तरी चार माणसं तुम्हाला विचारतील. त्याला कोण विचारणार? त्याला काय येतं?"

"माझी पत गेली गं," थंडोबा म्हणाला. "सगळी गेली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती उठली नाही. तिनं त्याचं न जेवलेलं ताट झाकून ठेवलं, आणि थंडोबाला जे समजायचं ते समजलं.

सोमवारी तो आपले पाने आणायला शेडवर गेला. हेडबाईंची बोट गाळ्यात लाकडी घोड्यांवर चढवून ठेवली होती. पितळेची तोटी उपटून बाजूला टाकली होती आणि धाकटा तळाखाली बसून भोकात लांबी, म्हणजे खिडकीच्या काचेला लावतात ती पुट्टी, भरत होता. नुसती लांबी, वरून दाबून सपाट केलेली. थंडोबानं पाने पिशवीत टाकले. एक, मग दुसरा, मग हात थांबला.

"ती लांबी राहायची नाही," तो म्हणाला. "पहिल्याच लाटेला बोळा बाहेर येईल."

धाकट्यानं वर पाहिलं. चेहऱ्यावर ना लाज, ना माज. लहानपणी नाडी सुटली की जसा बघायचा तसा बघत होता. "मला नाही येत हे, दादा," तो म्हणाला. "तेवढं तूच करून दे ना. सगळ्या बोटींचं. मी मंडळाला सांगतो, तूच केलंस म्हणून."

थंडोबानं त्या भोकाकडे पाहिलं. किती वर्षांचा विचार होता तो, आणि त्याच्या हातून झालेलं एवढं एकच काम असं होतं, की जे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते नीट बुजवायचं तर भोकाभोवती बशीसारखा उतार घासून काढायचा, मग फायबरच्या कापडाचे थरावर थर आतून आणि बाहेरून रेझिनमध्ये बसवायचे, इतके एकजीव की इथे कधी दार होतं हे ओळखू येऊ नये. धक्क्यावर हे येत असलेला माणूस एकच होता.

त्यानं पिशवी खाली ठेवली, ओली लांबी बोटानं उकरून बाहेर काढली आणि ग्राइंडरला नवी चकती लावली. धाकटा शेजारी येऊन गुडघ्यांवर बसला.

"दादा, रागावलायस का रे?"

"हो," थंडोबा म्हणाला. "जन्मभर रागावणार आहे. पण या बोटीतून पोरं जातात."

धाकटा तिथेच बसून राहिला, आणखी काहीतरी ऐकायला मिळेल या आशेनं. थंडोबानं बोटीखाली पाठ टेकली आणि तळाकडे बघितलं.

"सरक," तो म्हणाला. "उजेड अडतोय."